यापुढे वसुधाच्या भूमिकेत

९ जानेवारी २००६

"कर्वेनगरातल्या, रोज संध्याकाळी सातला पडद्यापुढे बसणाऱ्या ज्येष्ठ बंधुभगिनींनो, गेल्या महिन्यात तुमच्या डोळ्यांदेखत एक बाई देवघरात गेली आणि दुसरीच बाहेर आली. तुम्हाला कोणी विचारलं नाही. तुम्ही चहा पीत होता."

अशी सुरुवात करावी. ज्येष्ठ नागरिक संघाच्या वार्षिक दिनाला, २६ फेब्रुवारीला, मी बोलायचं आहे. विषय तुमचा तुम्ही निवडा, असं चिटणीस श्रीधरपंत म्हणाले होते. आज विषय आपल्या पायांनी घरात चालत आला.

मी ही मालिका बघत नाही. जया बघते. मी वर्तमानपत्र घेऊन त्याच खोलीत बसतो, कारण उजेड तिथे चांगला आहे. तर आज वसुधा, म्हणजे त्या घरची थोरली सून, निरांजन घेऊन देवघरात गेली. दार लोटलं. दार उघडलं तेव्हा निरांजन तेच, साडी तीच, बाई वेगळी. नाक वेगळं, उंची वेगळी, आवाज तर पूर्ण वेगळा. खाली एक पट्टी सरकत गेली, "यापुढे वसुधाच्या भूमिकेत" आणि पुढे कुणाचं तरी नाव. सासूनं तिच्याकडून प्रसाद घेतला. नवऱ्यानं तिला "आज दमलीस का?" विचारलं. पाच वर्षं एका खोलीत झोपलेल्या नवऱ्याला बायको बदललेली कळत नाही. घरातल्या कुत्र्याला कळलं असतं.

मी हे मोठ्यानं म्हणालो. जया म्हणाली, "अहो, ऐकू द्या."

मला शिसारी आली ती पट्टीची. माणूस काढून टाकायचा, त्याच्या जागी दुसरा उभा करायचा, आणि तळाला चार शब्द सरकवून म्हणायचं, चालवून घ्या. आणि आपण चालवून घेतो. गिरण्यांत, कारखान्यांत, बँकांत हेच चाललं आहे. "यापुढे कामगार संभाजीच्या भूमिकेत यंत्र." हे वाक्य भाषणात घ्यायचं.

जाहिरात लागली तेव्हा फोन वाजला. जयानं आतल्या खोलीत जाऊन घेतला. कोण, म्हणून विचारलं. "राँग नंबर," म्हणाली. चार मिनिटं राँग नंबरशी बोलते. बायकांचा स्वभाव.

१२ जानेवारी

संघाच्या कट्ट्यावर विषय काढला आणि आग लागली. एरवी अर्धे लोक पेंगत असतात. आज सगळे एकदम बोलत होते. नवी वसुधा चालताना पाय आपटते. नवी वसुधा हसते तेव्हा हिरड्या दिसतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या द्वारकाबाई सत्तरीच्या पुढच्या आहेत, बोलणं मोजकं आणि धारदार. त्या म्हणाल्या, "पहिलीच्या बांगड्या दुसरीला बरोब्बर बसल्या. सोनार भाग्यवान."

मी उभा राहिलो. माझा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जातो, हे चाळीस वर्षांत शेकडो सभांनी मान्य केलं आहे. मी म्हणालो, तक्रार करून उपयोग नाही, कृती हवी. २७ फेब्रुवारीपासून आठ दिवस संध्याकाळी सातला कर्वेनगरात एकही टीव्ही चालू राहणार नाही.

टाळ्या पडल्या. श्रीधरपंतांनी हळूच विचारलं, "पण तेव्हाच वसुधाच्या कोर्टाचा निकाल यायचा असेल ना?" मी पुढचा मुद्दा घेतला.

१५ जानेवारी

श्रीधरपंत विचारत होते, मुलीकडे काय विशेष. मला मुलगी नाही, असं म्हणणं खोटं होईल, म्हणून मी विषय बदलला. इथे तरी लिहितो.

संघमित्रा. हे नाव मी ठेवलं. छप्पन साली चौदा वर्षांचा असताना वडिलांचं बोट धरून मी नागपूरच्या मैदानावर उभा होतो. एकवीस वर्षांनी मुलगी झाली तेव्हा जगाला ऐकू जाईल असं नाव तिला द्यायचं ठरवूनच होतो. त्या नावानं ती शाळेत पहिली आली, इंजिनियर झाली, मगरपट्ट्यात मोठ्या कंपनीत लागली. तिथेच हा दिग्विजय भेटला. पुण्याजवळच्या मांजरी गावचा, उसाच्या जमिनी असलेल्या घरचा. मी विरोध केला नाही. नोंदणी कचेरीत साक्षीदार म्हणून पहिली सही माझी आहे.

मग त्यांच्या बंगल्यावर जेवण होतं. ताटात तांदूळ पसरले होते. दिग्विजयनं अंगठी घेऊन त्या तांदळात लिहिलं, सृष्टी. बायकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई दुसरीला म्हणाली, "बरं झालं, त्या नावावरनं लगेच कळायचं." मला ऐकू गेलं. मी वाढलेल्या ताटावरून उठलो.

काय कळायचं? तेच कळावं म्हणून मी ते नाव ठेवलं होतं. आणि माझी मुलगी हसत उभी होती.

तीन वर्षं होतील. त्या नावानं तिला हाक मारणार नाही आणि त्या घरचं पाणी पिणार नाही, असं मी तेव्हा सांगितलं आणि पाळलं.

नाव बदलायला माझी तत्त्वतः हरकत नाही, हेही लिहून ठेवतो. सत्तर साली माझं लग्न झालं तेव्हा जयाचं नाव कोंडाबाई होतं. कोंडा म्हणजे धान्याचं फोल. आपल्या माणसांना असलीच नावं वाट्याला आली. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, आजपासून तू जया. त्या काळात एवढं कोणी करत नसे. नाव खाली ओढण्यासाठी बदलणं वेगळं आणि वर उचलण्यासाठी बदलणं वेगळं. हा फरक लोकांना कळत नाही.

२ फेब्रुवारी

बातमी पक्की आहे. पहिली वसुधा परत येते आहे. द्वारकाबाईंनी मासिकात वाचलं. चार आठवड्यांत दुसरीचा कंटाळा आला की पहिलीचा रुसवा निघाला, देव जाणे.

पण खरी किळस पुढे आहे. आज जाहिरातीत पुन्हा तो राँग नंबर आला. दार अर्धं उघडं होतं. जया सांगत होती, "आठवा लागला, आता परत यायलाच हवं. मुराळी नाही आला म्हणून काय तिथेच राहायचं? पहिलं आहे. म्हाताऱ्याची आडकाठी आहे, दुसरं काय. आतून मऊ आहे, पण त्याला कोणी सांगायचं?"

म्हणजे वसुधा परत येणार ती आठव्या महिन्यात. या बाईला मूल होणार नाही असं नोव्हेंबरातच डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी स्वतः ऐकलं आहे. आता माहेराहून मुराळी जाणार, तिला बाळंतपणाला आणणार, वगैरे वगैरे. लेखकांना लाज नाही. म्हातारा म्हणजे मालिकेतला सासरा असावा. फारच हेकट दाखवला आहे, असे लोक आता कुठे असतात?

भाषणात एक परिच्छेद वाढवला.

जया हल्ली लोकर विणते. एवढ्याशा टोप्या. कुणासाठी, विचारलं तर म्हणाली, "थंडी आहे."

१३ फेब्रुवारी

जयाला पूर्ण भाषण वाचून दाखवलं. एरवी ती मध्येच "इथे थांबा, टाळ्या येतील" असं सांगते. आज शेवटपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "आपल्या घरातला टीव्हीसुद्धा बंद?"

"आपल्या घरातला आधी. जो सांगतो त्यानं करून दाखवावं."

"दिवसाचे साडेतेवीस तास तुम्ही बोलता, मी ऐकते. सात ते साडेसात मला ठेवा."

"त्या भिकार मालिकेसाठी?"

"हो," म्हणाली. "त्या भिकार मालिकेसाठी."

छत्तीस वर्षांत तिनं माझ्याकडे अशी मागणी केली नव्हती, आणि केली ती कशासाठी, तर यासाठी. उबग आला. दुपारी मी केबलवाल्याकडे जाऊन जोडणी काढायला सांगितलं. २७ तारखेची वाट कशाला पाहायची?

१४ फेब्रुवारी

पाच वाजता माणूस येऊन वायर काढून गेला. सातला जया बंद टीव्हीसमोर बसली. मी वर्तमानपत्र वाचत होतो. सात वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला. मी जवळ होतो, मी उचलला.

"हॅलो," मी म्हणालो.

पलीकडे श्वास ऐकू आला. आणि मागे, लांबून, त्या मालिकेच्या जाहिरातीतलं साबणाचं गाणं. मग फोन ठेवल्याचा आवाज.

"राँग नंबर," मी जयाला म्हणालो.

जया उठली. माझ्यासमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "तिची सासू जाहिरातीत दूध तापवायला आत जाते. तेवढ्यात ती गॅलरीत येऊन मला फोन करते. तीन वर्षं. तिथेही तुमचं नाव काढायचं नाही, तुम्ही भरल्या ताटावरून उठलात म्हणून. दोघी एकच मालिका बघतो, म्हणून दोघींना एकाच वेळी जाहिरात लागते. एवढंच होतं आमच्याकडे. ते तुम्ही आज काढून टाकलंत."

मी म्हणालो, "आठवा..."

"तिला लागलाय. वसुधाला नाही."

मग सगळं सांगितलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं असं सासूलाही वाटतं, पण मुराळी यायला हवा, कोणीतरी न्यायला यायला हवं. भाऊ नाही. बाप आहे. आणि बाप म्हणतो, त्या घरचं पाणी पिणार नाही. मुलगी म्हणते, बोलावल्याशिवाय मी येऊन बसणार नाही. ती माझीच आहे, हे त्यावरून कळतं.

जेवलो नाही. कोणी आग्रहही केला नाही.

१५ फेब्रुवारी

सकाळी जया भाजीला गेल्यावर तिच्या डबीतून मांजरीचा नंबर काढला आणि लावला. एका वयस्क बाईनं उचलला.

"कोन पायजे?"

"संघमित्रा आहे का?"

थोडं थांबून आवाज आला. "तशी कोन न्हाई हितं. राँग नंबर हाय."

खरंच ठाऊक नाही की ठाऊक असून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. "सृष्टी" म्हणालो असतो तर ती आली असती. दोन अक्षरं. माझ्या तोंडातून निघाली नाहीत. निघू नयेत, असंच अजून वाटतं.

डबीत तिच्या कंपनीचं एक कार्ड होतं. उलटं ठेवलेलं. तो नंबर लावला. घंटा वाजत राहिली, मग तिचा आवाज आला, यंत्रात भरून ठेवलेला. इंग्रजीत सांगत होती की आपण संघमित्रा सीताराम गायकवाड यांना फोन केला आहे, त्या जागेवर नाहीत, शिट्टीनंतर निरोप ठेवा.

कार्ड उलटून पाहिलं. तेच छापलं होतं, पूर्ण, माझ्या नावासकट.

तीन वर्षं मी ज्या नावासाठी रुसून बसलो ते नाव ती रोज गळ्यात अडकवून ऑफिसला जाते. संध्याकाळी मांजरीला उतरते तेव्हा दुसरं. एकाच बाईला रोज देवघरात जाऊन दुसरी होऊन बाहेर यावं लागतं. त्या घरची चीड कमी झाली नाही. उलट वाढली. पण त्यात तिला का धरलं होतं?

तीनदा फोन लावला आणि तीनदा ऐकलं. शिट्टी वाजली की बोलायचं होतं. चाळीस वर्षं बोलतो आहे. तिन्ही वेळा शिट्टी वाजली आणि मी फोन ठेवला.

२० फेब्रुवारी

घरातली केबल अजून जोडलेली नाही. माणूस आज येतो, उद्या येतो. जयाला घेऊन सातला द्वारकाबाईंकडे गेलो. तिथे फोन वाजणार नव्हता, पण निदान मुलगी काय बघते आहे ते जयाला दिसलं असतं.

पहिली वसुधा आज परतली. दुसरी विहिरीवर गेली, पहिली हंडा घेऊन आली. या वेळी पट्टीसुद्धा नाही. कोणी विचारलं नाही, बाई, सहा आठवडे कुठे होतीस? मी म्हणालो, हे तर पहिल्यापेक्षा किळसवाणं आहे. माणसाला काढता, परत आणता, आणि मध्ये काही घडलंच नाही असं दाखवता.

द्वारकाबाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "सीतारामराव, तुम्ही त्या पट्टीवर फार चिडलात. तिला निदान पट्टी तरी मिळाली. मला बदललं तेव्हा पट्टीसुद्धा नव्हती."

मला वाटलं, विनोद आहे. मी हसलो.

"मी मुक्ता होते," त्या म्हणाल्या. "सोळाव्या वर्षापर्यंत. अंगठीनं तांदळात द्वारका लिहिलं, मग ते तांदूळ शिजवले आणि जेवले. अठ्ठेचाळीस साल. त्यानंतर मुक्ता म्हणून हाक मारणारा शेवटचा माणूस माझा भाऊ. तो गेला पानशेतच्या पुरात. जाहिरात संपली, बघा आता."

घरी येताना जिन्यात मी जयाला म्हणालो, "ऐकलंस? याच रानटी प्रथेविरुद्ध मी आयुष्यभर बोललो."

जया दोन पायऱ्या पुढे होती. थांबली. "माझं विचारलं होतंत?"

"तुझं वेगळं. कोंडा हे काय माणसाचं नाव आहे?"

"माझ्याआधी तीन गेली. मी झाले तेव्हा आईनं मला शेजारणीला देऊन टाकलं आणि मूठभर कोंडा देऊन परत घेतलं. मरणाला वाटावं, हिची किंमत कोंड्याएवढी, हिला कशाला न्यायचं. मी जगावं म्हणून ठेवलं होतं ते नाव. तुम्ही पहिल्या दिवशी फोल म्हणालात."

मी म्हणालो, ती अंधश्रद्धा होती.

"असेल," ती म्हणाली. "आणि तुमचं सीताराम? बावीस प्रतिज्ञा घेतल्यात, नाव तेच राहिलं. ते नाही बदललंत."

माझ्या शाळेच्या दाखल्यावर ते नाव होतं. नोकरीच्या कागदांवर होतं. हे उत्तर जिभेवर आलं आणि तिथेच मला त्याची किळस आली. माझा दाखला होता म्हणून मी वाचलो. तिचा दाखला नव्हता.

२१ फेब्रुवारी

शिट्टीनंतर बोललो. "संघमित्रा, मी बोलतोय. शुक्रवारी चारला मांजरीला येतो. न्यायला." पुढे काही सुचलं नाही, म्हणून "जय भीम" म्हणालो आणि ठेवला.

२४ फेब्रुवारी

श्रीधरपंतांच्या जावयाची गाडी घेतली. मांजरीला उसाच्या जागी आता बारा मजले उभे आहेत. बंगला तोच. विहीणबाई दारात आल्या. मला ओळखलं, पण विचारलंच, "कोन पायजे?"

रस्ताभर याचीच तयारी केली होती. सृष्टी म्हणालो तर माझं गेलं. काही न म्हणता उभा राहिलो तर तिचं गेलं.

"माझी मुलगी संघमित्रा," मी म्हणालो. "तिला बाळंतपणाला न्यायला आलोय. मुराळी."

विहीणबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "त्या दिसी ताट तसंच ऱ्हायलं होतं," म्हणाल्या. "आधी जेवा."

"चार वाजलेत."

"मंग? माझं तीन वर्सं वाढलेलं हाय."

मी बसलो. जेवलो. पाणीही प्यायलो. आतून दिग्विजय बॅग घेऊन आला. "पप्पा, सृष्टीला डॉक्टरांनी जिने कमी सांगितलेत," म्हणाला. मी म्हणालो, "संघमित्रेला आम्ही तळमजल्यावर द्वारकाबाईंकडे झोपवू." तो गोंधळून हसला. तो वाईट मुलगा नाही. पण त्याच्या लक्षात यायला हवं, आणि ते मी त्याला सोडणार नाही.

ती बाहेर आली. अवघडून, कमरेवर हात ठेवून. म्हणाली, "बाबा, निरोपात जय भीम काय? मी टीमसमोर स्पीकरवर ऐकला."

"मग?"

"मग काय. दोघांनी जय भीम म्हटलं. मला माहीतच नव्हतं, ते आपले आहेत."

केबलवाला दुपारी येऊन गेला होता. सातला दोघी टीव्हीपुढे बसल्या. मी वर्तमानपत्र घेतलं. जाहिरात लागली. साबणाचं गाणं पूर्ण झालं, मग चहाचं, मग मसाल्याचं. फोन वाजला नाही.

मी स्वयंपाकघरात गेलो. जया कुकर लावायला मागोमाग आली. मी म्हणालो, "कोंडाबाई."

पाठ माझ्याकडे होती. हात थांबला. "ओ," म्हणाली. कुकरचं झाकण लावून म्हणाली, "मीठ संपत आलंय. उद्या आणा."

२६ फेब्रुवारी, सकाळ

जुनं भाषण फाडलं. बहिष्कार रद्द, श्रीधरपंतांना कळवलं, ते इतके खूश झाले की मला पुन्हा वीट आला. नवं लिहिलं आहे, लहान आहे. सुरुवात ठेवली, शेवट बदलला. तो असा :

"एका नटीच्या जागी दुसरी आली म्हणून गेले सात आठवडे आपण खवळलो आहोत. मीही. पण आपल्यातल्या प्रत्येकाच्या घरात एक बाई अशी आहे, जी एका दिवशी दारातून आत आली आणि दुसरीच झाली. तळाला पट्टी नव्हती. आपण टाळ्या वाजवल्या, आणि तांदूळ शिजवून जेवलो. काहींनी ते रूढीच्या नावानं केलं. मी ते सुधारणेच्या नावानं केलं आणि छत्तीस वर्षं त्याचा अभिमान बाळगला. मला दोन्हींची सारखीच किळस येते.

मुक्ताबाई समोर बसल्या आहेत. तुम्ही त्यांना द्वारकाबाई म्हणता. माझी पत्नी त्यांच्या शेजारी आहे. तिचं नाव मी इथे सांगणार नाही. तिची परवानगी घेतलेली नाही, आणि एकदा न विचारता केलं तेवढं पुरे.

तुमचा टीव्ही बंद करायला मी आलेलो नाही. उद्या सातला तो खुशाल लावा. पण त्याआधी, आज, इथून घरी गेल्यावर, चप्पल काढायच्या आत, तुमच्या घरात लग्न करून आलेल्या बाईला तिचं पहिलं नाव विचारा. आणि तिनं हो म्हटलं, तर त्या नावानं तिला हाक मारा."